शंका असेल त्याने उभं राहावं

नगरला तीन दिवस राहून आलो म्हटल्यावर जो तो एकच विचारतो, किल्ला पाहिला का? नाही पाहिला. चांदबिबीचा महाल चालत्या गाडीतून दिसला म्हणे, पण आमच्या तबलजीने, सुधाकरने, बोट दाखवलं तेव्हा मी उलट्या बाजूच्या रसवंतीकडे बघत होतो. शिर्डी वाटेत लागली, तिथे आम्ही टायरमध्ये हवा भरली आणि पुढे गेलो. ही कोण प्रवासाची तऱ्हा, असं माझ्या बायकोनेही विचारलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे.

मी पुण्याचा. वय सदुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, आणि गेली चाळीस वर्षं कीर्तनांना पेटीची साथ करतो. कीर्तनकारांचे किती जमाने आले आणि गेले, मी आपला डावीकडे मांडी घालून बसलेलाच. देवावर माझा विश्वास सुरापुरता. सूर लागला की असेल बुवा कुणीतरी असं वाटतं, पेटी मिटली की वाटेनासं होतं. फेब्रुवारीत पेटी दुरुस्त करणाऱ्या मित्राचा फोन आला. नगरच्या एक कीर्तनकार बाई आहेत, त्यांच्या पेटीवाल्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तीन दिवस तीन कीर्तनं आहेत, जाशील का? मी हो म्हणून बसलो. मग तो म्हणाला, ‘कीर्तन ख्रिस्ती आहे हं.’

ख्रिस्ती कीर्तन असतं हे मला ऐकून माहीत होतं. नगर जिल्ह्यात ते चार-पाच पिढ्यांपासून चालत आलं आहे. पण ऐकून माहीत असणं वेगळं आणि त्यात पेटी धरून बसणं वेगळं. चुलतभावाला कळलं तेव्हा त्याने डोळे मोठे केले. मी त्याला म्हटलं, अरे, काळी चार आणि पांढरी एक या पट्ट्यांना धर्म नसतो. म्हणायला म्हटलं, पण एसटीत बसल्यावर थोडी धाकधूक होतीच.

नगर

निर्मलाताई स्टँडवर घ्यायला आल्या होत्या. वय बासष्ट, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, अंगाने काटक, पांढरी साडी आणि पायात पुरुषी चपला. लग्न केलेलं नाही. दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. त्यांचे पणजोबा कीर्तन करत, मग आजोबा, मग वडील, आणि आता या. बरोबर सुधाकर, त्यांचा तबलजी. चाळिशीतला, गोलमटोल. तबला आणि जुनी ओम्नी तो सारख्याच प्रेमाने वाजवतो.

दुपारच्या जेवणाला माझी फजिती झाली. मी पुण्याचा, नावही तसं, म्हणून शेजारणीने माझ्यासाठी मुद्दाम नवी कोरी कढई आणून तिच्यात पिठलं केलं होतं. कढईवरचं लेबल अर्धं निघायचं राहिलं होतं. बाकीच्यांच्या ताटात मटणाचा रस्सा होता, नगरचा काळा मसाला घातलेला. त्याचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी मटण खातो. घरी शिजत नाही इतकंच. पण त्या नव्या कढईसमोर ते सांगायचा धीर झाला नाही. त्या बाईने माझा मान राखला होता, तो तिच्या हातातून कसा काढून घ्यायचा? मी पिठल्याची स्तुती केली. स्तुतीची बातमी पुढे गेली, आणि दोन दिवस मला पिठलं मिळत राहिलं.

कीर्तन संध्याकाळी पाचला, चर्चच्या आवारात चिंचेखाली. मांडणी सगळी ओळखीची. कीर्तनकार उभा, मागे साथीदार, आधी नमन, मग पद, मग निरूपण, शेवटी आख्यान. बुक्का तेवढा नव्हता. निर्मलाताईंनी खांद्यावर जांभळा शेला घेतला, हातात चिपळ्या घेतल्या, आणि बाई एकदम दोन इंच उंच झाल्या. आवाज फार गोड नाही, पण पल्लेदार. विषय होता, येशूला देव का म्हणायचं.

‘समजा,’ त्या म्हणाल्या, ‘काशिनाथच्या उसात बाबुरावांची गुरं शिरली आणि चार सऱ्या फस्त केल्या. आता मी रस्त्याने जाणारी बाई बाबुरावांना म्हटलं, जा, तुम्हाला माफ केलं. काशिनाथ काय म्हणेल? म्हणेल, ऊस माझा, आणि माफ करणारी ही कोण? येशू हेच करत गावोगाव हिंडला. चोराला, बाजारबसवीला, वसुली अधिकाऱ्याला म्हणत गेला, तुझ्या पापांची क्षमा झाली. ज्यांचं नुकसान झालं त्यांना विचारलंसुद्धा नाही. तेव्हा दोनच गोष्टी शक्य. एक तर हा मोठा आगाऊ माणूस. नाहीतर जगातला सगळा ऊस त्याचाच आहे.’

लोक हसले. मीही हसलो आणि एक पट्टी चुकलो.

निरूपण संपल्यावर त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘शंका असेल त्याने उभं राहावं.’ ही त्यांच्या घराण्याची रीत. पणजोबांनी घातलेली. श्रोत्यांतल्या कुणीही, कुठल्याही धर्माच्या माणसाने उभं राहून आक्षेप घ्यायचा. कीर्तनकाराने उत्तर द्यायचं. समाधान झालं की त्याने ‘बसतो’ म्हणून बसायचं. तो बसल्याशिवाय आख्यान सुरू करायचं नाही. मी इतकी वर्षं कीर्तनात घालवली, पण कीर्तनकाराने आपणहून गळा पुढे करावा, हे कुठे पाहिलं नव्हतं.

समोरच्या गल्लीतले एक निवृत्त वकील उभे राहिले. हिंदू गृहस्थ. दरवर्षी तेच उभे राहतात असं सुधाकर कानात म्हणाला. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘मनुष्य थोर होता, मान्य. पण थोर माणसाला मागाहून देव करतातच. आपल्याकडे साधू वारला की पन्नास वर्षांत अवतार होतो. तुमचं तसंच झालं असेल.’

‘आपल्याकडे होतं, खरंय,’ निर्मलाताई म्हणाल्या. ‘आपल्या मातीत कुणापुढेही हात जोडायला अडचण नाही. पण वकीलसाहेब, ही माणसं यहूदी होती. देव एकच, हे रोज सकाळ-संध्याकाळ म्हणणारी. माणसाला देव म्हणणं त्यांच्यात जिवावर बेतणारं. आणि त्यांनी येशूला लांबून पाहिलं नव्हतं. त्याच्याबरोबर मासे खाल्ले होते, त्याला दमून होडीत झोपलेला पाहिला होता. तेच लोक त्याच्या पायावर पडले, आणि त्याने त्यांना उठा म्हटलं नाही. आपल्याला वाकायला काही लागत नाही. त्यांना वाकायला काहीतरी बघावं लागलं असेल.’

‘परिस्थितीजन्य पुरावा आहे हा,’ वकील म्हणाले.

‘तुमच्या कोर्टात त्यावर जन्मठेप होते की.’

‘बसतो,’ म्हणून वकील बसले. चेहऱ्यावरून हरल्यासारखे मुळीच वाटत नव्हते.

आणि इथे मी माती खाल्ली. निरूपण संपून आख्यान सुरू होण्याआधी गजर करायचा, ही चाळीस वर्षांची सवय. वकील बसले, माझे हात आपोआप पेटीवर गेले, आणि मी खड्या आवाजात विठ्ठलनामाचा गजर सुरू केला. दोन आवर्तनं झाल्यावर मागे कुणीच म्हणत नाही हे लक्षात आलं. चर्चच्या आवारात, क्रुसाखाली, मी एकटा. थांबणार तोच निर्मलाताईंनी त्याच चालीवर, तोच ठेका धरून, प्रभू येशूचं नाव घेतलं. सुधाकरने समेवर उचललं आणि सगळं आवार म्हणू लागलं.

कीर्तनानंतर मी माफी मागायला गेलो. ‘बुवा,’ त्या म्हणाल्या, ‘पणजोबा धर्म बदलून आले तेव्हा येताना हीच चाल घेऊन आले होते. आमच्या पोरांनी ती गिटारवर घालवली. आज नीट ऐकली.’ माझा जीव भांड्यात पडला.

राहुरीच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निर्मलाताई पुढच्या गावातल्या एका आजारी बाईला भेटायला उतरल्या, तेव्हा गाडीत मी आणि सुधाकरच उरलो. मग त्याने सांगितलं. निर्मलाताईंना एकच भाऊ, दानियल, आठ वर्षांनी धाकटा. कोपरगावजवळ त्यांच्या मूळ गावी असतो, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. ताईंनीच त्याला वाढवला म्हणायला हरकत नाही. पाच वर्षांपूर्वी तो एका नव्या पंथात गेला. ते लोक येशूला मानतात, पण देव मानत नाहीत. देवाने सगळ्यात आधी निर्माण केलेला आणि सगळ्यात श्रेष्ठ, असं म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे त्यांना कबूल नाही.

‘तेवढ्यावरून?’ मी म्हटलं.

‘तेवढ्यावरून न्हाई,’ सुधाकर म्हणाला. ‘चार वर्षांमागं त्यांची आई गेली. दफनाला दानियल आलता. चर्चच्या पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्यावर म्हनला, मलाबी दोन शब्द प्रार्थना करू द्या. ताई सगळ्यांदेखत म्हनल्या, आदी येशूला देव म्हन, मंग आईच्या कबरीवर उभा ऱ्हा. तो गेला निघून. कुंपनाबाहेर रस्त्यावर उभा हुता शेवटपर्यंत. तवापासून बोलनं बंद.’

‘मग ताईंनी काही केलं नाही?’

‘लई केलं. पाळकसाहेबांना दोनदा धाडलं समजूत घालाया. मामांना धाडलं. मला धाडलं. पत्रकं धाडली. तो चहा पाजून परत पाठवतो.’ उद्याचं तिसरं कीर्तन त्याच गावात होतं, आणि विषय नेमका त्रैक्याचा, या तिघांत एकच देव असण्याचा. गावाने मागून घेतलेला.

निर्मलाताई परत आल्या. पुढचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रांगत कापायचा होता, म्हणून मी माझी शंका काढली. लहानपणापासून आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. तीन शिरं, एक देह. म्हटलं, तुमचं आणि आमचं एकच की मग.

त्यांनी मान हलवली. ‘बुवा, तुमचा दत्त मला आवडतो. पण एकच आहे म्हटलं तर तुम्ही दत्ताचं नुकसान कराल आणि आम्ही आमचं. तीन देव एकत्र जोडले, असं आम्ही म्हणत नाही.’

‘मग एकच नट तीन भूमिकांत?’

‘तेही न्हाई. तसं असेल तर येशू डोंगरावर जाऊन बापाशी बोलायचा तो काय आरशाशी बोलायचा? बाप तो पुत्र नव्हे, पुत्र तो आत्मा नव्हे. आणि देव मात्र एकच. माझ्या शाळेतली पोरं म्हणायची, बाई, गणित चुकलं. मी म्हणायची, गणित वस्तूंचं असतं रे.’

मला ते सगळं कळलं असं नाही. पण वाद घालताना त्या मला पटवत नव्हत्या, नेमकं काय म्हणायचं आहे एवढंच धडपडून सांगत होत्या. पुण्यात असं कुणी वाद घालत नाही.

दुपारी एका शेतात हुरडा खाल्ला. हंगामाचा शेवटचा, जरा जून झालेला, पण शेंगदाण्याच्या चटणीबरोबर छान लागला. यजमानीणबाईंनी घरात नेऊन वर पिठलं वाढलं ते सांगायला नकोच. कीर्तन चार वाजता, वस्तीवरच्या लहानशा चर्चमध्ये. आत मावेनात म्हणून अर्धे लोक दारात. शंकेला उभा राहिला एक मराठा शेतकरी, पटका बांधलेला, ट्रॉली रस्त्यात लावून आलेला.

‘म्या अडानी मानूस, बाई. येवढंच सांगा, तीन कशापायी? एक पुरं न्हाई का?’

निर्मलाताई त्याच्याकडे वळल्या. ‘दादा, देव म्हणजे प्रेम, असं आम्ही म्हणतो. आता सांगा, जग नव्हतं, माणूस नव्हता, मुंगी नव्हती, तेव्हा देव कुणावर प्रेम करत होता? एकटाच असेल तर प्रेम नुसतं नावाला. मग जग तयार करून त्याला प्रेम शिकावं लागलं. म्हणजे त्याला आपली गरज होती. आम्ही म्हणतो, न्हाई. तो कधीच एकटा नव्हता. बाप पुत्रावर माया करतो, पुत्र बापावर करतो, आणि ती माया तीही देवच, आत्मा. जगाच्या आधीपासून. आपल्याला त्याने गरजेपोटी केलं न्हाई, भरभरून होतं म्हणून केलं.’

‘म्हंजी देव ह्यो मुळात घर हाय म्हना की,’ शेतकरी म्हणाला.

‘घर म्हटलं तर तीन माणसं होतात. एक म्हटलं तर एकटा होतो. इथं माझी भाषा संपते, दादा.’

‘संपू द्या. बसतो.’

मला हे बोलणं इतकं आवडलं की पुढचं आख्यान मी यांत्रिकपणे वाजवलं. आणि त्याच वेळी बोचलंही. देव कधीच एकटा नव्हता असं सांगणारी ही बाई दोन खोल्यांत एकटी राहते आणि सख्ख्या भावाशी बोलत नाही. मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. राग यावा इतकी त्यांच्याबद्दल आपुलकी दोन दिवसांत कधी झाली ते कळलं नाही.

चहा घेताना सुधाकरचा मोबाईल वाजला. दानियलचा निरोप होता. उद्या कीर्तनाला येतो, पण शंकेला मी उभा राहणार. चालत असेल तर सांगा.

निर्मलाताईंनी कप बशीत ठेवला. ‘चालेल म्हणून सांग,’ त्या म्हणाल्या. पुढे मुक्कामाच्या घरी पोचेपर्यंत त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. मला वाटलं प्रार्थना. सुधाकर म्हणाला, उत्तरं पाठ करतायत.

गोदाकाठ

मंगळवारी सकाळी दहाचं कीर्तन. आम्ही पोचलो साडेदहाला, कारण शिर्डीच्या पुढे एक ट्रॉली कलंडून सगळा ऊस रस्त्यावर पडला होता आणि लोक शांतपणे त्यातले ऊस वेचून घरी नेत होते. मी उतरून दोन कांडी आणली. निर्मलाताईंनी घेतलं नाही.

गाव नदीपासून अर्ध्या मैलावर. मळीचा आंबूस वास वाऱ्यावर. चर्च जुनं, कौलारू, पुढे कडुनिंब आणि त्याखाली सतरंज्या. शंभरेक माणसं बसलेली. शेवटच्या रांगेच्याही मागे, दुचाकीला टेकून, एक उंच माणूस. पांढरा इस्त्रीचा शर्ट, बोटांच्या पेरांत मुरलेलं काळं ऑइल. ओळख करून द्यायची गरज नव्हती. नाक बहिणीचंच.

कीर्तन रंगलं नाही. निर्मलाताई एकेक मुद्दा विटेवर वीट रचावी तसा मांडत होत्या. अमुक ठिकाणी येशूने वादळ शांत केलं, तमुक ठिकाणी उपासना स्वीकारली. सगळं बरोबर, सगळं एका माणसाला उद्देशून, आणि त्या माणसाकडे एकदाही न बघता. शेवटी त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. ‘शंका असेल त्याने उभं राहावं.’

तो उभाच होता. चार पावलं पुढे आला.

‘ताई,’ तो म्हणाला. लोकांत चुळबुळ झाली. चार वर्षांत त्याने ही हाक मारली नव्हती. ‘येशू मोठा, हे मला मान्य हाय. त्याच्यावाचून मला गती न्हाई. पन तो देव न्हाई. वधस्तंभावर त्यानं बापाला हाक मारली, मला का टाकलंस म्हनून. देवच देवाला टाकील का? टाकनारा येगळा अन् टाकलेला येगळा. का ते नुसतं नाटक हुतं?’

प्रश्न त्यांना अपेक्षित होता. गाडीत त्यांनी पाठ केलेलं उत्तर तोपर्यंत ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. त्यांनी सुरुवात केली. ‘नाटक नव्हतं. टाकणारा वेगळा आणि टाकलेला वेगळा, हे आम्हीही म्हणतो. बाप तो पुत्र नव्हे. पण तुझ्या म्हणण्यातून काय निघतं ते बघ. येशू देव नसेल, देवाने केलेला कुणी असेल, तर देव वर सुरक्षित बसला आणि मरायला दुसऱ्याला पाठवलं. कितीही लाडका असो, दुसराच. अशा देवाचे मी उपकार मानीन. पण त्याला प्रेम म्हणता येणार न्हाई मला. ज्याचं प्रेम असतं तो दुसऱ्याला पाठवत न्हाई. तो सोता येतो.’

पुढे अजून दोन मुद्दे होते. ते आले नाहीत. त्या थांबल्या. मी सवयीने सूर धरून होतो, भाता चालू होता, आणि त्या काही बोलेनात. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझा हात थांबला. पेटी बंद पडली.

‘सोता येतो,’ त्या पुन्हा म्हणाल्या, अगदी हळू. मग पहिल्यांदाच भावाकडे बघितलं.

‘दानू, चार वर्षांत मी तुझ्याकडं पाळकसाहेबांना पाठवलं. मामांना पाठवलं. ह्या सुधाकरला पाठवलं. मी आले न्हाई.’

त्यांनी खांद्यावरचा शेला सावरला.

‘बापानं पुत्राला का टाकलं, ते मला पुरतं सांगता येणार न्हाई. शिकलेय तेवढं सांगीन. पण आईच्या कबरीवरनं मी तुला का टाकलं, ते मला येतं. मला जिंकायचं हुतं.’

इतकी वर्षं शाळेत शिकवून कमावलेली त्यांची भाषा एव्हाना पुरती गळून पडली होती. मला रडू आलं. साथीदाराने रडायचं नसतं, पण आलं.

दानियल उभाच होता. मान खाली, बोटं शर्टाला पुसत. शर्टावर काळा डाग पडला. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘मला अजून पटलं न्हाई.’

‘मग बसू नको,’ त्या म्हणाल्या.

आणि लोकांकडे वळून म्हणाल्या, ‘शंका घेणारा उभा आहे. आज आख्यान होणार नाही.’

चार पिढ्यांत असं झालं नव्हतं म्हणे. पाळकसाहेब गोंधळले. एक म्हातारबा मोठ्याने म्हणाले की सतरंज्या घातल्या, लांबून माणसं आली, आता कथा तरी सांगा. निर्मलाताई हात जोडून नाही म्हणाल्या. एखादं गोड वाक्य बोलून भावाला बसवता आलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, तो संकोचाने बसलाही असता. त्या सगळ्यांसमोर उभ्या राहून हरल्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही. एवढ्या वर्षांत मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कीर्तन ते, अर्ध्यावर संपलेलं.

पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. सगळे आमेन म्हणाले. दानियल म्हणाला नाही. मीही म्हणालो नाही, माझी गोष्ट वेगळी. पण तो एकटा पडू नये म्हणून मी उगाच त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याला वाटलं असेल पुण्याचे लोक असेच असतात.

निर्मलाताईंनी शेला काढून सुधाकरकडे दिला, चपला घातल्या आणि सतरंजीच्या कडेकडेने चालत भावापाशी गेल्या.

‘घरी जेवायला काय हाय?’ त्यांनी विचारलं.

‘मटन हाय,’ दानियल म्हणाला. मग जरा थांबून, ‘सुशीला म्हनली हुती, जास्तीचं टाकते. मी म्हनलो कशाला.’

सुशीला त्याची बायको. तिला माझ्या पिठल्याची बातमी कुणी दिलेली नव्हती. तिने सगळ्यांसारखंच ताट माझ्यापुढे ठेवलं, बाजरीची भाकरी, कांदा आणि काठोकाठ वाटी. सुधाकर काही बोलायला गेला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

जेवायला सुरुवात करण्याआधी प्रार्थना. घरात मोठ्या निर्मलाताई, तेव्हा सुशीलाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं तीन नावांनी संपणार आणि तिथे दानियल गप्प राहणार, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. निर्मलाताई म्हणाल्या, ‘दानूचं घर हाय. दानू म्हणंल.’

त्याने डोळे मिटले. आभार मानले, भाकरीचे, पाण्याचे, ताई आली त्याचे. आईचं नाव घेतलं. शेवटी बापाकडे मागितलं, येशूच्या द्वारे, त्याच्या पंथाच्या रीतीने. तीन नावं आली नाहीत. मी डोळे उघडेच ठेवले होते म्हणून सांगू शकतो. निर्मलाताई त्याच्याकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या, आणि त्याचं संपल्याबरोबर, सगळ्यांच्या आधी, ‘आमेन’ म्हणाल्या.

मग दोघंही जेवणभर भांडले. हाडं चोखत, बोटं नाचवत, हे वचन काढ, ते वचन काढ. दानियलने अजून सात प्रश्न लिहून ठेवले होते, वहीच काढली. सुशीला मला म्हणाली, ‘आता दर आठवड्याला ह्येच.’ तक्रार करत होती, पण वाढताना तिचा हात सैल सुटला होता.

तीन वाजता निघालो. निर्मलाताई पुढच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत. शिर्डी गेली, बाभळेश्वर गेलं.

‘प्रार्थनेत खोट हाय त्याच्या,’ एकदम त्या म्हणाल्या. ‘पुत्राला नुसतं दार करून ठेवलंय. चुकीचं हाय ते.’

कोल्हारचा पूल आला. खाली प्रवरेत पाणी थोडंच होतं, बायका कपडे धूत होत्या.

‘पण म्हणतो आईसारखा,’ त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड झाकून रडू लागल्या.